मिरजेजवळच्या माळावर वास्तुकला महाविद्यालय: चौक, उत्तरेचा उजेड आणि छप्पर यांविषयी सल्ला हवा

खडू_आणि_टी_स्क्वेअर

सर्वांना नमस्कार. मी सांगलीतील एका वास्तुकला महाविद्यालयात बारा वर्षांपासून शिकवते. आमची सध्याची इमारत मुळात वेगळ्याच कामासाठी बांधलेली होती. 2019 च्या महापुरात तिच्या तळमजल्यावर छातीइतके पाणी आले, आणि तेव्हापासून संस्थाचालक नव्या जागेच्या शोधात होते. आता मिरजेच्या पूर्वेला, पंढरपूर रस्त्याच्या अंगाला, माळावर आठ एकर जागा मिळाली आहे. दरवर्षी चाळीस प्रवेश आणि पाच वर्षांचा अभ्यासक्रम, म्हणजे दोनशे विद्यार्थी आणि तीसेक शिक्षक-कर्मचारी असा एकूण व्याप आहे. बांधकाम समितीवर शिक्षकांच्या वतीने मला घेतले आहे, म्हणून हा प्रश्न इथे मांडत आहे.

जागेला पश्चिमेकडून पूर्वेकडे हलका उतार आहे. वरच्या अंगाला वीतभर माती आणि खाली मुरूम, तर पूर्वेच्या कोपऱ्यात ओढ्यालगत काळी माती आहे. झाडे म्हणाल तर बांधावरच्या चार बाभळी आणि एक कडुलिंब. रस्ता पश्चिमेला असल्यामुळे समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांना त्या बाजूने पूर्ण काचेचा दर्शनी भाग आणि सर्व स्टुडिओ (विद्यार्थ्यांचे रेखाटनाचे वर्ग) वातानुकूलित हवे आहेत. नेमलेल्या वास्तुरचनाकारांनी चाळीस मीटर लांब आणि तितक्याच रुंद अशा एकाच चौकाभोवती दुमजली इमारत सुचवली आहे. माझे मन चौकाकडे झुकते, परंतु त्या रचनेत निम्मे स्टुडिओ पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून बसतात, हे मला खटकते.

सध्याच्या इमारतीत आम्ही काय सोसतो तेही सांगते, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल. चौथ्या वर्षाचा स्टुडिओ सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर तिथला पंखा छताखालची गरम हवाच खाली ढकलत राहतो, आणि ज्युरीच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामाच्या परीक्षणाच्या, आदल्या रात्री नऊ वाजताही टेबलावर उभे राहून स्लॅबजवळ हात नेला तर धग जाणवते. जुलैत तऱ्हा वेगळी असते. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, दिवसभर ट्यूबलाइट जळतात, रेखाटनाचा जाड कागद, म्हणजे कार्ट्रिज शीट, सर्द होऊन शाई फुटते. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या माउंटबोर्डच्या मॉडेलवर जिथे जिथे गोंद लागला होता बरोबर तिथेच बुरशीची पांढरी रेघ उठली होती. जणू कोणी मुद्दाम सांधे आखून दाखवले होते.

चौक घ्यावा का, घेतला तर केवढा, उत्तरेच्या उजेडाचा नियम (खिडक्या उत्तरेला ठेवल्या की थेट ऊन न येता एकसारखा उजेड मिळतो) आपल्या अक्षांशावर कितपत चालतो आणि छपराचे काय करावे, यांवर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

सावलीचा_हिशेब

मॅडम, मी सांगलीत वीस वर्षे व्यवसाय करतो. आपण दिलेल्या माहितीत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ज्युरीच्या आदल्या रात्रीची ती धग. बहुतेक आराखड्यांत मे महिन्यातील दुपार ही सर्वांत वाईट वेळ धरून हिशेब केला जातो, पण मे महिन्यात आपले महाविद्यालय सुटीवर असते. इमारतीची खरी परीक्षा मार्च-एप्रिलमधील दुपारपासून रात्रीपर्यंत, जुलै-ऑगस्टमध्ये दिवसभर आणि थोडीफार ऑक्टोबरमध्ये होते. वास्तुकलेचा विद्यार्थी कार्यालयातील माणसासारखा सहा वाजता घरी जात नाही. म्हणून आपले शैक्षणिक वेळापत्रक रचनाकारांसमोर ठेवावे आणि त्यावरून आराखडा तपासून घ्यावा.

आता सूर्याचा हिशेब पाहू. सांगली-मिरज सुमारे 16.8 उत्तर अक्षांशावर आहे. 22 डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून साधारण 50 अंशांवर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी 73 अंशांवर. मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस तो बरोबर डोक्यावर येतो, तोच आपला शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. उत्तरेकडून ऊन येतच नाही, हे पाठ केलेले वाक्य इथे लागू पडत नाही ते याच कारणाने.

अहमदाबादच्या वास्तुकला विद्यालयाचे उदाहरण आपल्या समितीत नक्कीच निघाले असेल. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी 1962 मध्ये स्थापन केलेल्या त्या विद्यालयाच्या विटांच्या समांतर भिंती, दुप्पट उंचीचे स्टुडिओ आणि उत्तरेचा तिरपा उजेड आपण सारेच विद्यार्थ्यांना दाखवतो. पण अहमदाबाद 23 अंशांवर, कर्कवृत्ताला जवळजवळ टेकून आहे. तिथे जूनमध्येही मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला जेमतेम झुकतो. आपल्याकडे तो साडेसहा अंश झुकतो. शिवाय आपल्या 20 एप्रिलचा सूर्य घड्याळात पावणेचार वाजण्याच्या सुमारास पश्चिम बिंदू ओलांडून उत्तरेच्या बाजूस येतो आणि मावळताना पश्चिमेच्या 12 अंश उत्तरेला असतो. एप्रिलअखेरीस हाच कोन 15 अंशांपर्यंत जातो. म्हणजे परीक्षेच्या हंगामात, नेमक्या कामाच्या वेळी, उत्तरेच्या खिडकीतून तिरके ऊन टेबलावर पडते.

उपाय अवघड नाही. उत्तरेच्या प्रत्येक खिडकीच्या पश्चिम कडेला भिंतीतून बाहेर आलेला उभा पंखा (फिरणारा नव्हे, ऊन अडवणारी उभी पट्टी) काढावा. खिडकी 1.2 मीटर रुंद असेल तर 35 सेंटिमीटरचा पंखा एप्रिलअखेरीपर्यंतचे ऊन पूर्ण अडवतो. जूनसाठी हिशेब केला तर तो 55 सेंटिमीटर लागतो, पण तोवर ढग येतात, तेव्हा तेवढा खर्च मी करणार नाही. सकाळच्या उन्हासाठी पूर्व कडेलाही पंख्याची गरज नाही, कारण 20 एप्रिलचा सूर्य सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला सरकतो.

या पंख्याचे दुसरे काम वाऱ्याचे आहे, आणि मला तेच अधिक आवडते. आपल्याकडे उन्हाळ्यातील संध्याकाळचा वारा आणि पावसाळी वारा हे दोन्ही मुख्यतः पश्चिमेकडून येतात. उन्हासाठी इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवली की खिडक्या उत्तर-दक्षिण होतात आणि वारा त्यांना समांतर निघून जातो. त्यामुळे उन्हाची दिशा धरावी की वाऱ्याची, असा पेच पडतो. उत्तरेच्या खिडकीच्या पश्चिम कडेचा पंखा वाऱ्याला अडवून आपल्यामागे कमी दाबाची जागा तयार करतो आणि खोलीतील हवा बाहेर ओढली जाते. दक्षिणेच्या खिडकीची झडप पूर्वेच्या चौकटीला बिजागरी लावून बाहेर उघडणारी ठेवली, तर तीच झडप समांतर जाणारा वारा पकडून आत वळवते. बिजागरी कोणत्या बाजूला असावी हे सुताराने ठरवू नये, नकाशावर लिहून द्यावे. याच मांडणीमुळे पश्चिमेचा पाऊस खिडकीवर समोरून आपटत नाही, आणि जुलैतही खिडक्या उघड्या ठेवता येतात. आपल्या बुरशीवर दुसरा उपाय मला दिसत नाही.

यावरून चौकाचे उत्तर निघते. चाळीस मीटरचा चौक म्हणजे मैदानच. वाड्याचा चौक थंड असतो कारण त्याची रुंदी भिंतीच्या उंचीच्या एक-दीडपट असते आणि दिवसाचा बराच वेळ त्याची निम्मी फरशी सावलीत असते. दुमजली इमारतीची उंची साडेसात मीटर धरली तर दहा-बारा मीटर रुंदीचे, पूर्व-पश्चिम लांबट असे दोन-तीन चौक घ्यावेत आणि त्यांच्या उत्तर-दक्षिण बाजूंनाच स्टुडिओ ठेवावेत. पूर्व आणि पश्चिम बाजू जिने, स्वच्छतागृहे, मॉडेलचे कोठार, छपाईची खोली यांना द्याव्यात. स्टुडिओच्या दक्षिणेला 2.4 मीटरची पडवी ठेवली, तर मार्चमध्ये भिंतीवर ऊन येत नाही आणि डिसेंबरच्या दुपारी ते फक्त पायापर्यंत येते. मुले हिवाळ्यात तिथेच कट्टा करतील, तेव्हा कट्टा आधीच बांधून द्यावा. स्टुडिओची उत्तर-दक्षिण रुंदी आठ मीटरांहून जास्त नको. रेखाटनाच्या टेबलावर निदान 500 लक्स उजेड लागतो, आणि खिडकीचा उजेड तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन-अडीचपटींपलीकडे कामाचा राहत नाही. दोन्ही अंगांनी उजेड आला तर आठ मीटर निभावतात.

काचेच्या पश्चिम दर्शनी भागाविषयी ज्येष्ठ सदस्यांना एक आकडा द्यावा. राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016 च्या आवृत्तीत भारतीयांच्या सवयींवर आधारलेले सुखोष्णतेचे सूत्र आले आहे. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीसाठी बाहेरच्या सरासरी तापमानाला 0.54 ने गुणून 12.83 मिळवायचे. एप्रिलची आपली सरासरी 30 अंश धरली तर उत्तर 29 येते, आणि त्याच्या वरखाली 2.38 अंशांपर्यंत बहुतेकांना सुसह्य वाटते. म्हणजे खोली 31 अंशांपर्यंत राखली आणि छताचे पंखे नीट लावले तर वातानुकूलनाची गरज संगणक कक्ष आणि सभागृह यांपुरतीच उरते. पश्चिमेला काच लावली की मात्र ती सर्वत्र लागेल, आणि तिचे बिल दर महिन्याला येईल.

छपराविषयी थोडक्यात सांगतो. एप्रिलमध्ये सपाट छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर दिवसाला सहा युनिटांहून अधिक ऊर्जा पडते, कोणत्याही भिंतीपेक्षा जास्त. उघडा स्लॅब दुपारी ती शोषतो आणि चार-पाच तासांनी खाली सोडतो, म्हणजे नेमका आपल्या सबमिशनच्या वेळी. वीटबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांच्या थरावर) पांढरा चायना मोझेक (चिनी मातीच्या फरशीचे तुकडे) लावणे हा जुना आणि अजूनही स्वस्त उपाय आहे. त्यावर दोन-अडीच मीटर उंचीवर सौर पटल बसवले तर सावलीही मिळते आणि वीजही. एक किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते.

निवृत्त_ओव्हरसिअर

ताई, मी साताऱ्याचा, सरकारी बांधकामांवर तेहतीस वर्षे काढली, त्यांतील सहा मिरज-तासगाव भागात. वरचा सल्ला योग्य आहे. मी फक्त जागेवर काय होते ते लिहितो.

पहिले म्हणजे साताऱ्याकडील किंवा पाचगणीकडील इमारत पाहून तुमच्या माळावर नक्कल करू नका. आमच्याकडे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला पाऊस आडवा येतो, चार महिने भिंत वाळत नाही, म्हणून उतरती छपरे आणि लांब पागोळ्या. तुमच्याकडे वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. तुमच्या जिल्ह्यातच पाहा, शिराळ्याकडे कौलारू घरे आणि जत-आटपाडीकडे जाड मातीची माळवदे. मिरज या दोहोंच्या मध्ये आहे, म्हणून सपाट छप्पर चालेल, पण पाणी पळण्यासाठी उतार नीट द्या. शंभराला एक हा उतार सगळे कागदावर देतात आणि कोबा घालणारा माणूस डोळ्याच्या अंदाजाने घालतो. दोन दिवस पाणी साठवून पाहिल्याशिवाय त्याचे बिल काढू देऊ नका.

दुसरे म्हणजे पश्चिमेची भिंत. ती काळ्या दगडात, दीड फुटी बांधा. पाया खणताना मुरमाखाली दगड लागणारच आहे. ती भिंत दुपारभर तापेल आणि मध्यरात्री आत उष्णता सोडेल, पण तिच्यामागे जिने आणि स्वच्छतागृहे असतील तर कोणाला त्रास नाही. छज्जांच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच ठेवायला लावा. अर्ध्या इंचाची ती खाच राहिली नाही की दोन पावसाळ्यांत भिंतीवर काळे ओघळ उतरतात, आणि मग सगळे सिमेंटला नावे ठेवतात.

पोकळ जुडाईच्या, म्हणजे रॅट-ट्रॅप बाँडच्या भिंती कोणी सुचवतील. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात त्या खूप वापरल्या, सुमारे चौथाई विटा वाचतात आणि मधल्या पोकळीमुळे ऊनही कमी उतरते. पण त्यासाठी वीट एकसारख्या मापाची लागते. नदीकाठच्या भट्टीची वीट नऊ इंच म्हणवते आणि हातात घेतली तर कधी साडेआठ, कधी पावणेनऊ भरते. आधी एक नमुना भिंत बांधून घ्या, गवंड्याचा हात बसतो का ते पाहा, मगच ठरवा.

काळ्या मातीच्या कोपऱ्यात इमारत नको. उन्हाळ्यात तिथे हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून जोते उचलते. तिथे तळे करा. अडीच हजार चौरस मीटर छप्पर धरले तर वर्षाला बारा लाख लिटर पाणी पदरात पडेल. दोनशे तीस माणसांना दररोज प्रत्येकी 45 लिटर धरले तरी जवळजवळ चार महिन्यांचे झाले. उतारही त्याच बाजूला आहे.

झाडांबाबत एक चूक नेहमी होते. पानगळीची झाडे लावा म्हणजे हिवाळ्यात ऊन मिळेल, हे थंड देशांतले गणित आहे. आपल्याकडची बरीच झाडे फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऊन चढू लागते तेव्हाच उघडी पडतात. पश्चिमेला करंज आणि लिंब लावा, एप्रिल लागेपर्यंत त्यांना नवी पालवी येऊन सावली धरते. गुलमोहर दिसायला छान, पण वळवाच्या पहिल्या वादळात फांदी मोडून गाडीवर पडते. वळीव पश्चिमेकडूनच येईल असे समजू नका, तो बहुधा पूर्वेकडून उठतो. म्हणून पूर्वेच्या जिन्याच्या जाळीला आतून झडप ठेवा.

हळदीचे_पेव

मी हरिपूरची, आता पुण्यात नोकरी करते. आमच्या गावात हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे होती. 2005 च्या महापुरात बरीचशी गेली, पण लहानपणी मी ती उघडताना पाहिली आहेत. आत वर्षभर एकसारखे हवामान असते. तेच तत्त्व वापरून जमिनीखालून नळातून हवा खेळवून स्टुडिओ थंड करता येईल का? मॅडमनी याचा विचार करावा असे वाटते.

खिडक्या उघड्या ठेवण्याविषयी एक अडचणही सांगते. गळीत हंगामात शेतकरी पाचट पेटवतात तेव्हा काजळीचे पापुद्रे वाऱ्यावर मैलभर येतात. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या सेक्शनवर, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाच्या रेखाटनावर, शाई वाळायच्या आत, असाच एक पापुद्रा येऊन बसला होता. फुंकर मारली तर गेला असता, मी बोटाने पुसायला गेले आणि अख्ख्या जिन्यावर काळा पट्टा ओढला गेला.

सावलीचा_हिशेब

पेवाचे उदाहरण सुंदर आहे, पण ते नेमके कशामुळे चालते हे पाहायला हवे. पेव बंद असते. हवा आत-बाहेर होत नाही म्हणूनच कीड जगत नाही, आणि पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही तोही त्याच कारणाने. स्टुडिओला मात्र सतत ताजी हवा लागते. तीन-चार मीटर खोलीवर जमिनीचे तापमान वर्षाच्या सरासरीइतके, आपल्याकडे 26 अंशांच्या आसपास राहते, तेव्हा एप्रिलच्या दुपारी नळातून आलेली हवा निश्चित गार लागेल. पावसाळ्यात दमट हवेचे पाणी त्याच नळात सुटेल आणि बुरशीचा वास स्टुडिओत येईल, त्यामुळे जूनमध्ये तो बंद करून साफ करण्याची सोय लागेल. शिवाय हरिपूरची नदीकाठची माती वेगळी आणि माळावरचा मुरूम वेगळा. तिथे चार मीटर चर खणायला ब्रेकर लावावा लागेल. एवढे करायचेच असेल तर फक्त सभागृहासाठी करावे.

काजळीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. पश्चिमेच्या झाडांची रांग काही पापुद्रे अडवेल. शिवाय टेबलाच्या उंचीची झडप आणि त्याखालची झडप वेगवेगळी ठेवावी. गळीत हंगामात वरची बंद आणि खालची उघडी ठेवता येते. खालून येणारा वारा पायाला लागतो आणि कागदही उडत नाहीत.

खडू_आणि_टी_स्क्वेअर

सर्वांचे मनापासून आभार. वेळापत्रकाचा मुद्दा मी काल रचनाकारांना सांगितला, आणि त्यांनी मोठा चौक मोडून तीन लहान चौकांची मांडणी करून पाहण्याचे कबूल केले. तळ्याची कल्पना सर्वांना पटली. नमुना भिंत बांधताना दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही हाताशी घ्यावे असा माझा विचार आहे.

एक अडचण राहिली आहे. रस्ता पश्चिमेला आहे आणि ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, रस्त्यावरून महाविद्यालय दिसले पाहिजे. तिकडे नुसती स्वच्छतागृहांची भिंत दाखवायची का, असे त्यांनी बैठकीत विचारले, आणि मला पटकन उत्तर सुचले नाही.

सावलीचा_हिशेब

तिकडे ओव्हरसिअर साहेबांची दीड फुटी दगडी भिंतच दाखवा. घडीव दगड, मध्ये एकही खिडकी नाही, फक्त जिन्याच्या उंचीची एक अरुंद, आत खोल गेलेली फट, आणि महाविद्यालयाचे नाव दगडात कोरलेले. संध्याकाळी पाचला तिरके ऊन पडले की टाकीचा प्रत्येक घाव दिसतो. काचेवर त्या वेळी समोरच्या गाड्यांची चमक दिसेल आणि आतून पडदे ओढलेले असतील. सदस्यांना एकदा वाईच्या घाटावर साडेपाच वाजता घेऊन जा, आणि परतताना एखाद्या पश्चिममुखी काचेच्या शोरूमसमोर गाडी थांबवा.

निवृत्त_ओव्हरसिअर

नाव कोरायचे असेल तर तो दगड बांधकामाआधी जमिनीवरच कोरून घ्या. भिंतीवर चढून कोरायला लावले की अक्षरे वर चढत जातात, आणि कोरणारा मजुरीही दुप्पट मागतो.